लँडिंगला नेमकं अडतं कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याला रॉकेट आणि यानं खाली उतरवणं हा विषय ठेवला होता आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडून प्रश्न आले, त्यातले बरेचसे चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर आपटला त्या रात्रीबद्दलच. चांद्रयान-३ झकास उतरलं तरी ती रात्र काही लोकांच्या डोक्यातून जात नाही असं दिसतंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, थोडी काटछाट पण केलीय, रागावू नका.

'संपर्क तुटल्यामुळे विक्रम पडला असं आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात. मग अँटेना जरा दणकट लावला असता तर वाचला असता का?' (निवृत्त एसटी कर्मचारी, कराड)

नाही हो. संपर्क तुटला म्हणून तो पडला नाही, उतरण्यातला घोळ त्याच्या आधीच झाला होता. उतरायला सुरुवात झाली की लँडर पृथ्वीवरून कुणाची ऑर्डर घेतच नाही, सगळं त्याचं तोच करतो, बंगळुरूतली मंडळी स्क्रीनकडे बघत बसलेली असतात आपल्यासारखीच, त्यामुळे सिग्नल कितीही खणखणीत असता तरी ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे जे झालं ते झालंच असतं.

झालं काय ते आधी सरकारनं लोकसभेत थोडक्यात सांगितलं आणि मग २०२३ मध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी बरंच मोकळेपणानं समजावलं. ३० किलोमीटर उंचीवरून ७.४ किलोमीटरपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं, वेग सेकंदाला १६८३ मीटरवरून १४६ मीटरवर आला, म्हणजे बघा, नव्वद टक्के वेग मारून झाला होता. घोळ त्याच्या पुढे झाला. पाच इंजिनांनी मिळून अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला. आता तुम्ही म्हणाल ब्रेक जास्त लागला तर बरंच की, पण त्याच टप्प्यात कॅमेऱ्यानं खालचे फोटो घ्यायचे म्हणून यानाला स्थिर राहायला सांगितलेलं होतं, त्यामुळे चूक तिथल्या तिथे दुरुस्त होईना, ती साठत गेली. नंतर दुरुस्त करायची पाळी आली तेव्हा यानाला फार झपाट्यानं वळायला लागणार होतं आणि सॉफ्टवेअरनं तर वळण्याच्या वेगावर मर्यादा घालून ठेवलेली. त्यात उतरायची जागा ५०० बाय ५०० मीटर एवढीशी, ती गाठायचीच म्हणून यान वेग वाढवतंय आणि इकडे जमीन जवळ आलेली. शेवटी ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच आपटलं. नेम चुकला असं म्हणायलाही जागा नाही!

या सगळ्या कारणांत 'अमुक पार्ट मोडला' असं एकही कारण नाही, हे लक्षात ठेवा, पुढच्या एका उत्तरात परत लागणार आहे.

चांद्रयान-३ ला मग मधलं पाचवं इंजिन काढूनच टाकलं, उतरायची जागा साधारण ४ किलोमीटर बाय अडीच किलोमीटर एवढी मोठी घेतली, इंधन वाढवलं, वेग थेट मोजणारं लेसरचं यंत्र बसवलं आणि सेकंदाला ३ मीटर वेगानं टेकलं तरी चालेल असे पाय दिले. सोमनाथांचं म्हणणं असं की आधीचं डिझाइन यश गृहीत धरून केलेलं आणि हे अपयश गृहीत धरून, म्हणजे काय काय बिघडू शकतं याची यादी आधी आणि यान नंतर. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं, पुढचं तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल.

'चंद्रावर पॅराशूट का लावत नाहीत?' (आठवीतली वाचक, परभणी)

अगं तिथे हवाच नाही, पॅराशूट फुगणार कशानं. चंद्रावर वेग मारायचा तर इंजिन पुढच्या दिशेला तोंड करून चालवायचं, दुसरा उपायच नाही, आणि त्यासाठी लागणारं सगळं इंधन इथून वाहून न्यायचं.

मंगळावर वेगळंच दुखणं आहे. तिथे हवा आहे पण जमिनीजवळची हवा आपल्या हवेच्या साधारण एक टक्का, म्हणजे यान तापवून काढायला पुरेशी पण थांबवायला अपुरी! त्यामुळे तिथे सगळंच करावं लागतं. २०२१ मध्ये अमेरिकेचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर उतरला, वजन १०२५ किलो. आधी उष्णतारोधक ढाल, मग आवाजाच्या वेगाहून जास्त वेगात असताना उघडलेलं साडेएकवीस मीटरचं पॅराशूट, एवढं करूनही वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास उरलाच, मग रॉकेट इंजिनं, आणि अगदी शेवटी त्या इंजिनांच्या सांगाड्यानं रोव्हरला दोरांनी खाली सोडलं आणि स्वतः उडून लांब जाऊन पडला. दोर कशाला? तर इंजिनाचा झोत जमिनीजवळ आला की दगडधोंडे उडतात, खड्डा पडतो, नव्या कोऱ्या रोव्हरवर कशाला तो मारा.

'एवढे हुशार इंजिनियर खाली बसलेले असतात, ते जॉयस्टिकनं का उतरवत नाहीत?' (रिक्षाचालक, ठाणे)

अंतर नडतं. चंद्रापर्यंत सिग्नल जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद, म्हणजे तुम्हाला खड्डा दिसला आणि हँडल वळवलं तर अडीच सेकंद गेले, तोवर खड्डा आला. मंगळाचं तर विचारूच नका, एकेरी ३ ते २२ मिनिटं लागतात. पर्सिव्हिअरन्सच्या वेळी ती साधारण ११ मिनिटं होती आणि वातावरणात शिरल्यापासून जमिनीपर्यंतचा सगळा खेळ सातेक मिनिटांचा, त्यामुळे 'आत शिरलो' असा मेसेज नासाला मिळाला तेव्हा तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलेलं.

माणूस यानातच बसलेला असेल तर गोष्ट वेगळी. २० जुलै १९६९ ला अपोलो-११ चा कॉम्प्युटर त्यांना मोठमोठे दगड पडलेल्या एका खड्ड्याकडे घेऊन चालला होता, आर्मस्ट्राँगनं ताबा स्वतःकडे घेतला, पुढे नेऊन सपाट जागा शोधली आणि टेकला तेव्हा मिनिटभराचंही इंधन उरलं नव्हतं.

'मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आमच्याकडे साधं बँकेचं अ‍ॅप सुद्धा शंभर वेळा तपासून सोडतात, मग अब्जावधीच्या यानात बग कसे राहतात? टेस्टिंग करत नाहीत का?' (हिंजवडी, पुणे)

करतात, भरपूर करतात. पण तुमच्या प्रश्नामुळे मला जे कधीचं लिहायचं होतं त्याला जागा मिळाली. आपण समजतो यान पडतं ते इंजिन बंद पडल्यामुळे किंवा काहीतरी तुटल्यामुळे. जुने-नवे अपघात काढून बघा, कितीतरी वेळा यान ठणठणीत असतं, फक्त आपण किती उंचीवर आहोत आणि किती वेगात आहोत याबद्दल त्याची समजूत चुकलेली असते. मग त्या चुकीच्या समजुतीवर ते अगदी बरोबर वागतं. आणि मरतं.

३ डिसेंबर १९९९, नासाचा मार्स पोलर लँडर. पायांत सेन्सर होते, पाय टेकले की इंजिन बंद करायचं. साधारण दीड किलोमीटर उंचीवर पाय उघडले, त्या झटक्यानं सेन्सरनं 'टेकलो' असा सिग्नल दिला आणि तो सॉफ्टवेअरच्या मेमरीत तसाच राहिला. ४० मीटरवर आल्यावर सॉफ्टवेअरनं पहिल्यांदा बघितलं, टेकलोय का? हो, टेकलोय. इंजिन बंद. चौकशी समितीनं हे 'बहुधा' असंच म्हटलंय, कारण उतरताना यान काही पाठवतच नव्हतं, ती सोयच ठेवली नव्हती, त्यामुळे पुरावा शून्य. या प्रकारावर इतकी टीका झाली की पुढच्या यानांनी उतरता उतरता निदान 'मी आहे, हा टप्पा झाला' एवढं तरी कळवत राहायचं अशी रीत पडली.

१९ ऑक्टोबर २०१६, युरोपचं स्कियापरेली, मंगळ. पॅराशूट उघडल्यावर यान जोरात हेलकावलं, फिरण्याचा वेग मोजणारं यंत्र त्याच्या मोजपट्टीच्या टोकाला जाऊन सेकंदभर तिथेच अडकलं, कॉम्प्युटरनं त्या आकड्यावरून आपण उलटे झालोय असं धरलं आणि उंचीचं गणित केलं, उत्तर आलं उणे. उणे उंची, म्हणजे जमिनीच्या खाली! माणूस असता तर हसला असता. कॉम्प्युटरनं पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं तीनेक सेकंद चालवून बंद केली आणि उतरल्यावर करायची कामं चालू केली, तेव्हा यान ३.७ किलोमीटर उंचीवर होतं. ताशी ५४० किलोमीटरनं आपटलं.

आणि एप्रिल २०२३, जपानी कंपनी आयस्पेसचं हाकुतो-आर. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून तुम्ही ड्रोन पुढे नेला तर ड्रोन आहे त्याच पातळीवर राहतो पण खालची जमीन एकदम शेकडो मीटर खाली जाते, तसं हे यान अ‍ॅटलस नावाच्या विवराच्या कडेवरून आत गेलं आणि त्याच्या उंचीमापकात साधारण ३ किलोमीटरची उडी आली. आकडा खरा होता. पण एवढी उडी म्हणजे सेन्सर बिघडला असं सॉफ्टवेअरला शिकवलेलं, म्हणून त्यानं खऱ्या सेन्सरचं ऐकणं बंद केलं आणि स्वतःच्या अंदाजावर चाललं. अंदाजानुसार जमीन आली, यान शांतपणे जवळजवळ थांबलं, आणि जमीन अजून ५ किलोमीटर खाली. इंधन संपेपर्यंत ते तिथे लटकून राहिलं आणि मग पडलं. आता तुमच्या टेस्टिंगचं ऐका, उतरायची जागा डिझाइन पक्कं झाल्यानंतर बदलली होती आणि नव्या जागेच्या वाटेवरचा हा कडा सिम्युलेशनमध्ये नीट घेतला गेला नव्हता. टेस्ट झाली, फक्त दुसऱ्या जागेची. तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये असं कधी झालं नसेल, असं मी धरून चालतो.

त्याच २०२३ मध्ये १९ ऑगस्टला रशियाचं लुना-२५ पण गेलं, ते उतरण्याच्या आधीच कक्षा बदलताना, इंजिन ८४ सेकंद चालवायचं होतं ते १२७ सेकंद चाललं, कारण वेग किती बदलला ते मोजणारं यंत्र चालूच झालं नव्हतं, मग थांबवणार कोण.

'फाल्कन रॉकेट खाली येताना अगदी शेवटच्या क्षणी इंजिन चालू करतं, बघताना पोटात गोळा येतो. आधीच चालू करून आरामात का उतरवत नाहीत?' (गृहिणी, नाशिक)

काकू, आराम परवडत नाही. हवेत रेंगाळलेला प्रत्येक सेकंद म्हणजे इंधन नुसतं वजन पेलण्यात जाळणं. पण स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ चं खरं कारण याहून मजेशीर आहे, त्याला रेंगाळता येतच नाही. खाली येताना टाकी जवळपास रिकामी, त्यामुळे तो चाळीसेक मीटर उंच पहिला टप्पा, म्हणजे रॉकेटचा परत येणारा खालचा भाग, इतका हलका झालेला असतो की नऊपैकी एकच इंजिन चालवलं आणि ते जमेल तेवढं मंद केलं तरी त्याचा जोर रॉकेटच्या वजनापेक्षा जास्तच भरतो. म्हणजे वेग शून्य झाला की पुढच्या क्षणी रॉकेट परत वर जायला लागणार! त्यामुळे वेग शून्य आणि उंची शून्य हे एकाच क्षणाला जुळवायला लागतं. वीस मीटरवर शून्य झालं तर इंजिन बंद करून पडायचं, आणि शून्य व्हायच्या आधी जमीन आली तर काय ते सांगायला नको.

हे पहिल्या झटक्यात जमलं नाही. जानेवारी २०१५ ला दिशा देणाऱ्या जाळीदार पंखांचं हायड्रॉलिक तेल शेवटी संपलं आणि रॉकेट तिरकं येऊन, त्याला उतरवायला समुद्रात उभ्या केलेल्या जहाजावर आदळलं. एप्रिलमध्ये इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह अडकत अडकत चालला, हुकूम मिळाल्यावर उशिरानं हलायचा, त्यात रॉकेट डोलायला लागलं आणि टेकून पडलं. २१ डिसेंबर २०१५ ला केप कॅनव्हरलच्या जमिनीवर पहिल्यांदा उभं राहिलं, बहुतेकांना वाटलं जमलं, तर जानेवारी २०१६ ला जहाजावर छान टेकलं आणि एका पायाचं लॉक लागलं नाही म्हणून हळूच कलंडून फुटलं, धुक्यामुळे तिथे बर्फ धरला असावा असं सांगितलं गेलं. जहाजावरचं पहिलं यश ८ एप्रिल २०१६ चं. आणि २०१८ मध्ये फाल्कन हेवीचा मधला भाग समुद्रात गेला तो इंजिनं पेटवायचा द्रव पुरला नाही म्हणून, तीनपैकी एकच पेटलं.

वरच्या हिंजवडीवाल्यांच्या उत्तराशी हे ताडून बघा बरं. इथे पृथ्वीवर जीपीएस आहे, 'मी कुठे आहे' हा प्रश्न रॉकेटला पडत नाही, म्हणून इथली दुखणी तेल, व्हॉल्व्ह, लॉक अशी गॅरेजमधली आहेत. चंद्रावर आणि मंगळावर ती सोय नाही, तिथे रडार, लेसर, कॅमेरे यांच्यावरून स्वतःच ओळखायचं. मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट नावाच्या लँडरवरच्या एका यंत्रानं चंद्रावर उभं राहून आपल्याच जीपीएसचे क्षीण सिग्नल पकडून जागा काढून दाखवली, हे मला फार भारी वाटलं, पण त्याच्या भरवशावर उतरणं अजून लांब आहे.

'आजकाल चंद्रावर यानं आडवी का पडतात?' (वाचक, मडगाव)

खाली येण्याचा वेग मारला तरी बाजूला सरकण्याचा वेग उरतो आणि पाय कशाला तरी अडकतो. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे तिरकं झालेलं यान आपल्या वजनानं सरळ बसायलाही तेवढीच कमी मदत. फेब्रुवारी २०२४ चं, इंट्युइटिव्ह मशीन्स या अमेरिकन कंपनीचं ओडिसियस चार मीटरहून उंच, त्याच्या उंची मोजणाऱ्या लेसरचा सुरक्षेचा स्विच उड्डाणाआधी काढायचा राहिला म्हणे, त्यामुळे त्या लेसरशिवायच उतरायला लागलं, पाय मोडला आणि कलंडलं. त्याच कंपनीचं पुढचं अथेना मार्च २०२५ मध्ये परत आडवं. जपानचं स्लिम मात्र वेगळं, जानेवारी २०२४ मध्ये पन्नासेक मीटरवर असताना दोनपैकी एका इंजिनाचं नॉझल गेलं आणि ते डोक्यावर टेकलं, तरी ठरलेल्या जागेपासून फक्त ५५ मीटरवर. मला विचाराल तर मी याला पास म्हणेन.

'राकेश शर्मा जमिनीवर उतरले आणि शुभांशू शुक्ला समुद्रात, असं का? चांगलं कोणतं?' (शिक्षिका, चंद्रपूर)

ज्याच्याकडे जे मोठं आणि मोकळं आहे तिथे तो उतरतो. सोव्हिएत लोकांकडे कझाकस्तानची गवताळ मैदानं होती, राकेश शर्मा ११ एप्रिल १९८४ ला तिथेच उतरले. पॅराशूटवर आलेल्या त्यांच्या सोयुझ यानाला जमिनीपासून मीटरभरावर असताना खालून छोटी रॉकेटं पेटवून शेवटचा धक्का कमी करायला लागतो, तरीही अंतराळवीर सांगतात की ते 'सॉफ्ट लँडिंग' वगैरे काही नसतं, दणका बसतो. अमेरिकेकडे दोन्हीकडे समुद्र, शुक्ला १५ जुलै २०२५ ला कॅलिफोर्नियाजवळ प्रशांत महासागरात. पाण्यात उतरलं की ती शेवटची रॉकेटं लागत नाहीत पण लाटा, खारं पाणी आणि जहाजांचा ताफा हे आलंच. आपलं गगनयान पण समुद्रातच उतरायचंय.

दोन्हीकडे जीव टांगलेला असतो तो पॅराशूटला. १९६७ मध्ये सोयुझ-१ चं मुख्य पॅराशूट उघडलं नाही आणि कोमारोव्ह गेले. उलट १९७१ ला अपोलो-१५ च्या तीनपैकी एक पॅराशूट मिटलं तरी तिघं सुखरूप आले, कारण दोनावर भागेल असा हिशोब आधीच धरलेला. गगनयानात एकूण दहा पॅराशूट आहेत, मुख्य तीन, त्यातली दोन उघडली तरी पुरतात. २४ ऑगस्ट २०२५ ला इस्रोनं कॅप्सूलची प्रतिकृती हेलिकॉप्टरमधून सोडून याची टेस्ट घेतली.

'परत उतरवण्यात एवढा पैसा घालवण्यापेक्षा रॉकेट समुद्रात पडलेलं काय वाईट?' (व्यापारी, इचलकरंजी)

तुम्ही व्यापारी, तुम्हाला तर पटायला हवं! रॉकेटचा सगळ्यात महागडा भाग म्हणजे खालचा टप्पा आणि त्याची इंजिनं, ती एका फेरीत भंगारात. फाल्कनचे काही टप्पे तीसहून जास्त वेळा उडालेत. परत येण्यासाठी इंधन राखून ठेवायचं म्हणजे वर नेता येणारा माल थोडा कमी होतो, हा तोटा आहेच. आपल्याकडेही सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पुढच्या पिढीच्या रॉकेटला ८२४० कोटी मंजूर केलेत, त्याचा पहिला टप्पा परत वापरायचा बेत आहे.

'काका, विक्रम चंद्रावर एकदा उतरल्यावर परत उडाला होता असं बाबा म्हणतात. खरं का? मग तो घरी का नाही आला?' (पाचवीतला वाचक, वर्धा)

बाबा बरोबर आहेत. ३ सप्टेंबर २०२३ ला चांद्रयान-३ च्या विक्रमनं (दोन्ही वेळा लँडरचं नाव तेच) इंजिनं पुन्हा चालू केली, साधारण ४० सेंटीमीटर वर उठला, म्हणजे तुझ्या गुडघ्याएवढा, आणि तीस-चाळीस सेंटीमीटर बाजूला जाऊन परत नीट उभा राहिला. त्याच्या आधी रोव्हर उतरायची घसरपट्टी आणि बाहेर काढलेली यंत्रं घडी करून घेतली होती आणि नंतर परत उघडली.

घरी का नाही आला, तर पेट्रोल नव्हतं रे. खाली येताना सेकंदाला १७०० मीटरच्या आसपासचा वेग मारावा लागला होता ना, तेवढाच परत मिळवला तर चंद्राभोवतीच्या कक्षेत पोचता येतं, आणि तिथून पृथ्वीकडे यायला अजून वेगळं इंधन. विक्रमकडे उतरल्यावर उरलेलं थोडंसंच होतं. म्हणून चांद्रयान-४ मध्ये खाली उतरणारा भाग वेगळा आणि त्याच्या डोक्यावर बसून माती घेऊन वर जाणारा भाग वेगळा असणार आहे, खालचा तिथेच राहील आणि वरचा निघेल.